ओट्यामागच्या भिंतीला काय लावू?

पत्र

ताई, नमस्कार. डोंबिवलीतल्या आमच्या घराचं स्वयंपाकघर २४ वर्षांनी नवं केलं. काळ्या ग्रॅनाइटचा १० फुटांचा ओटा झाला. मधोमध शेगडी, तिच्यावर चिमणी, डाव्या टोकाला सिंक, खाली राखाडी-निळ्या ट्रॉल्या, वर कपाटं. ओटा आणि कपाटं यांच्यामधली २ फुटांची भिंत मात्र गेला दीड महिना नुसत्या प्लास्टरवर आहे. न्यू जर्सीची मुलगी रोज पांढऱ्या, छोट्या सबवे टाइल्सचे फोटो पाठवते. डिझायनर म्हणतो मोरोक्कन नक्षी घ्या, नाहीतर रंगीत काच. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांचं एकच म्हणणं, ‘फडक्यानं पुसता येईल असं लाव.’ आमचे हे म्हणतात, काहीही लाव पण आता लाव. चार दुकानं पालथी घातली आणि दर वेळी जास्तच गोंधळून घरी आले. जुनी भिंत फोडताना फळांच्या टोपलीचं चित्र असलेली टाइल तुटली, तेव्हा उगीचच रडू आलं. तिची एक जादाची जोडीदार माळ्यावर सापडलीय, ती टाकवत नाही. शेगडीपुढे दिवसाचे चार-पाच तास माझेच जातात. काय करू?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

उगीच नाही रडू आलं. त्या टाइल्सना दुकानात ‘हायलाइटर’ म्हणायचे. आजूबाजूला साध्या पांढऱ्या किंवा क्रीम रंगाच्या, आणि मध्ये कुठे द्राक्षांचा घड, कुठे किटली, कुठे तुमच्यासारखी फळांची टोपली. मुलीचा डबा भरताना, दूध उतू जाईल म्हणून उभं राहताना, २४ वर्षं तुमची नजर त्या टोपलीवर होती. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही भिंतीकडे आपण इतक्या जवळून, इतका वेळ पाहत नाही. म्हणून दीड महिना लागला याचं वाईट वाटून घेऊ नका. घाई करणाऱ्यांना सांगा, अजून एक आठवडा लागेल.

चार दुकानं फिरून गोंधळ वाढला, कारण चारही ठिकाणी तुम्हाला टाइलच दाखवली. पाहायला हवेत ते सांधे. दोन टाइल्सच्या मधली ती बारीक रेघ पुढची १५-२० वर्षं तुम्हाला सुखानं राहू देते किंवा छळते. तुमच्या पत्रात हे नेमकं कुणाला कळलं असेल तर सासूबाईंना.

असं का, ते शेगडीपुढे उभं राहून पाहा. फोडणीत मोहरी तडतडली की तेलाचे कण उडतात. मोठे थेंब दिसतात आणि आपण पुसतो. बारीक कण वाफेबरोबर वर जातात, काही चिमणी ओढते, बाकीचे भिंतीवर बसतात. शेगडीच्या उष्णतेनं तो थर हळूहळू घट्ट, चिकट होतो आणि मग धूळ धरतो. टाइलचं यानं काही बिघडत नाही. तिच्या अंगावरचा चकचकीत थर भट्टीत वितळून बसलेला, काचेच्याच जातीचा असतो. त्यात ना तेल शिरत, ना हळद. सांधा मात्र सिमेंटचा असला तर सच्छिद्र असतो. तेलातून आलेली हळद तो पिऊन घेतो. वर साबण लावून घासलं की पिवळा डाग तांबडा होतो, ते तुम्ही पाहिलं असेलच. हळदीत चुना घालून कुंकू करायचे, त्यातलीच ही गोष्ट. हळदीला क्षार लागला की ती रंग पालटते, आणि साबण क्षारयुक्त असतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो. कपाटाखालच्या भिंतीला ऊन कुठलं?

आता तुमच्या भिंतीचा हिशेब मांडू. १० फूट लांब आणि २ फूट उंच, म्हणजे २० चौरस फूट. ३ इंच बाय ६ इंचांच्या सबवे टाइल्स लावल्या तर सुमारे १६० लागतील आणि सगळे आडवे-उभे सांधे जोडले तर जवळजवळ ११० फूट भरतील. १२ इंच बाय २४ इंचांच्या आडव्या लावल्या तर हेच सांधे सुमारे १८ फुटांवर येतात. २ फूट बाय ४ फुटांच्या घेतल्या तर ओट्यामागे फक्त दोन उभे सांधे, मिळून ४ फूट. कुठलीही टाइल हातात घेण्याआधी हा आकडा काढा. रात्री शेवटचं फडकं फिरवताना तुमचा हात किती रेघांवरून जाणार आहे, ते त्यातून कळतं.

हे मी अनुभवानं सांगते. माझ्या पहिल्या घरात मी हौसेनं इंचभराच्या चौकोनांचं काचेचं मोझॅक लावलं होतं. दुकानाच्या दिव्यात ते पाण्यासारखं चमकत होतं. सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरले. सहा महिन्यांत शेगडीमागचे दोन-तीन हात पिवळे झाले, आणि दर रविवारी जुना दातांचा ब्रश घेऊन मी भिंतीपुढे उभी. दोन वर्षांनी कारागिराला बोलावून सांधे खरवडून काढले आणि एपॉक्सी, म्हणजे तेल-हळद न पिणारं राळेचं मिश्रण, भरून घेतलं. त्या कामाला टाइल्स लावण्यापेक्षा जास्त दिवस लागले. तेव्हापासून कुणी भिंतीबद्दल विचारलं की मी आधी सांध्यांबद्दल बोलते.

मुलीची निवड वाईट नाही. ३ बाय ६ इंचांची ती पांढरी टाइल न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांसाठी वापरली गेली, म्हणून तिचं नाव सबवे. ती रेल्वे १९०४ साली सुरू झाली. जमिनीखाली उजेड कमी, तिथे भिंती उजळ दिसाव्यात आणि धुता याव्यात, हा विचार त्यामागे होता. म्हणजे ‘पुसता येईल असं लाव’ हे तिथेही कुणीतरी म्हटलंच होतं. पण स्थानकात कुणी वरणाला फोडणी देत नव्हतं. मुलीला मनापासून तेच हवं असेल आणि तुमचंही मन तिकडे ओढत असेल, तर टाइल थोडी मोठी, ४ बाय १२ इंचांची घ्या, फिकट राखाडी सांधे ठेवा आणि ते एपॉक्सीचेच भरा. या तिन्ही गोष्टी जमत असतील तरच. मात्र मुलगी वर्षातून तीन आठवडे येणार आणि भिंत तुम्ही रोज पुसणार, हे तिला प्रेमानं सांगायला हरकत नाही. लेकींना ते कळतं.

मोरोक्कन नक्षीत दोन अगदी वेगळे प्रकार एकाच नावानं विकले जातात. खरी सिमेंटची टाइल भट्टीत जात नाही. ती दाबून घडवतात आणि पाण्यात मुरवतात. जुन्या मुंबईच्या घरांत जमिनीवर जी नक्षीदार फरशी दिसते, तिच्या जातीची ती असते. पायाखाली ती वर्षानुवर्षं सुरेख गुळगुळीत होत जाते. शेगडीमागे मात्र ती तेल पिते, वेळोवेळी सीलर, म्हणजे डाग आत शिरू न देणारा लेप, लावत राहावं लागतं, आणि लिंबू-चिंचेनं तिचं तोंड खराब होतं. दुसरा प्रकार म्हणजे सिरॅमिकवर छापलेली नक्षी. तिला डागांची भीती नाही, पण ती बरेचदा मॅट असते. दुकानात टाइल उलटी करून कड पाहा, दोन्हींतला फरक लगेच कळेल. तरीही माझं मत सांगते. तुमच्या ओट्यावर मिक्सर येणार, तेलाची बरणी, मिसळणाचा डबा, सांडशी, पोळ्यांचा डबा येणार. एवढ्या वस्तूंच्या मागे नक्षी आली की महिन्याभरात डोळा थकतो. नक्षीची हौस खरी असेल तर चहाच्या कोपऱ्यात, शेगडीपासून लांब, दोन फुटांचा तुकडा लावा. तिथे तो उठून दिसेल.

काच पुसायला सगळ्यात सोपी, कारण तिला सांधेच नसतात किंवा एखाददुसराच असतो. धोका वेगळा आहे. शेगडीमागे टफन केलेलीच, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली, काच हवी. साधी काच एका जागी तापते, बाकी थंड राहते आणि तडकते. टफन केलेली काच मागाहून कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. म्हणून आधी माप, मग स्विचबोर्डाची भोकं, मग टफन करणं, मग रंग, या क्रमानंच काम व्हावं लागतं. फर्निचरवाल्याकडे कपाटाच्या दारांना वापरतात ती साधी लॅकर्ड, म्हणजे मागून रंगवलेली, काच बहुतेक वेळा टफन नसते. तीच भिंतीला चिकटवून दिलेली मी पाहिली आहे. डिझायनर काच म्हणत असेल तर ‘शेगडीमागची टफन आहे ना, बिलावर तसं लिहून द्या’ एवढं सांगा. पुढे विजेचा एखादा पॉइंट वाढवायचा झाला तर पूर्ण तुकडा बदलावा लागेल, हेही मनात असू द्या. काचेसारख्या दिसणाऱ्या ॲक्रिलिकच्या आणि पीव्हीसीच्या शीट्स, चिकटवायचे कागद, यांना ज्योतीजवळ अजिबात थारा देऊ नका.

संगमरवराबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी पाचव्या दुकानात कुणीतरी काढेलच. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, यातलं काहीही उडालं की त्यातलं आम्ल दगडाला खातं आणि तिथली चमक जाते. तो डाग नसतो, दगडच झिजलेला असतो. घासून निघत नाही. सीलरही त्याला अडवत नाही.

मी तुमच्या जागी असते तर २ फूट बाय ४ फुटांची व्हिट्रिफाइड टाइल आडवी लावली असती. दुकानात ‘जीव्हीटी, ग्लॉसी’ असं मागा, म्हणजे वर चकचकीत थर असलेली. ही टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण एक फसगत टाळा. दुकानदार २ बाय ४ म्हणतात, प्रत्यक्षात टाइल ६०० बाय १२०० मिलिमीटर असते, म्हणजे फुटांच्या मापाहून जरा कमी. तुमची उंची खरोखर २ फूट भरत असेल तर ती ६१० मिलिमीटर झाली, म्हणजे वर १० मिलिमीटर उघडे राहतील. कपाटाखाली दिव्याची पट्टी बसवणार असाल तर ते तिच्यामागे झाकतील. नसाल तर आत्ताच सुताराशी बोला. भिंत तीन ठिकाणी मोजा, मिलिमीटरमध्ये.

लांबीचंही तसंच. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. एका टोकापासून अख्ख्या टाइल्स लावत गेलात तर दोन मिळून २४००, आणि सिंककडे नाहीतर दुसऱ्या टोकाला साडेसहाशेचा तुकडा येईल. सांधा नेमका शेगडीच्या मागे किंवा बाजूला पडायचा. त्यापेक्षा अख्खी टाइल शेगडीच्या मध्यावर धरा आणि दोन्ही बाजूंना साधारण ९२४-९२४ मिलिमीटरचे सारखे तुकडे कापा. शेगडीमागे एकही उभा सांधा नाही, आणि दोन्ही हातांना भिंत सारखी दिसते. चिमणी ओट्यावरच्या कपाटांपेक्षा जरा उंच असते, शेगडीपासून २६ ते ३० इंच. तेवढ्या भागात चौथ्या टाइलचा तुकडा वर चढवून चिमणीच्या मागे न्यावा लागेल. तिथे रंगावर भागवू नका, सगळ्यात जास्त तेल तिथेच बसतं. म्हणजे चार टाइल्स. खोक्यात साधारण दोन येतात. तीन खोकी घ्या, दोन टाइल्स माळ्यावर राहू द्या. खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना, ते पैसे देण्याआधी स्वतः वाचा. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेतल्या मोरबीहून येतात, आणि तेच डिझाइन पुन्हा भट्टीतून काढलं की रंगात बारीक फरक पडतो. दुकानाच्या दिव्यात तो दिसत नाही, भिंतीवर शेजारी-शेजारी लागल्यावर दिसतो.

अशी एकेक टाइल १४-१५ किलोंची असते. तुमच्या कारागिराला मोठ्या टाइल्सची सवय नसेल, तर ओढाताण न करता १२ बाय २४ इंचांची सिरॅमिक घ्या. सांधे सुमारे १८ फूट होतील, पण हलकी, कापायला सोपी, आणि खर्चही कमी. चांगली लागलेली लहान टाइल वाईट लागलेल्या मोठ्या टाइलपेक्षा केव्हाही बरी.

रंग. ओटा काळा, ट्रॉल्या राखाडी-निळ्या, म्हणजे खालचा सगळा भाग थंड आणि गडद झालाय. वर शुभ्र पांढरं लावलं तर दवाखान्यासारखं वाटेल. तांदूळ धुतलेल्या पाण्याचा रंग आठवा, किंवा ताकाचा. त्या छटेत, हलकीशी ढगासारखी रेघ असली तर असू द्या, ठळक शिरा नकोत, कारण कापलेल्या तुकड्यांवर त्या जुळणार नाहीत. गडद चकचकीत टाइल सिंकजवळ घेऊ नका. पाणी बोअरचं किंवा टँकरचं असेल तर त्यातल्या क्षारांचे पांढरे शिंतोडे त्यावर रोज दिसतील. ‘शुगर फिनिश’ आणि ‘कार्व्हिंग’ या प्रकारांवरून बोट फिरवून पाहा, खरखर लागेल. त्या खरखरीत तेल घर करतं. शेगडीमागे ते नको.

दुकानातून दोन-तीन नमुने घरी आणा. मोठी टाइल उधार देत नसतील तर एक विकत घ्या, वाया जाणार नाही. ती जमिनीवर आडवी ठेवून पाहू नका, ओट्यावर भिंतीला टेकवून उभी करा. सकाळी पाहा आणि रात्री तुमच्याच दिव्यात पाहा. मग चमचाभर फोडणी करा, तेल, मोहरी, हळद, तिखट, त्यात थोडा टोमॅटोचा रस, आणि ती टाइलवर ओता. रात्रभर राहू द्या. सकाळी सासूबाईंच्या हातात ओलं फडकं द्या. त्यांनी दोन हातांत पुसली आणि काही उरलं नाही तर ती टाइल पास.

आता कारागिराकडून काय करून घ्यायचं ते. यात तुम्ही उभं राहायलाच हवं, डिझायनर येईल न येईल.

भिंतीवर नुसतं प्लास्टर आहे म्हणता. मधल्या काळात रंगाऱ्यानं त्यावर पुट्टी मारली असेल तर टाइल लावण्याआधी ती पूर्ण खरवडायला लावा. टाइल पुट्टीला चिकटते आणि पुट्टी भिंतीला सोडते. ओळंबा आणि ६ फुटांची पट्टी लावून भिंत सरळ आहे का पाहा. मोठी टाइल वाकड्या भिंतीला माफ करत नाही. व्हिट्रिफाइड टाइल साध्या सिमेंटवर नीट धरत नाही, कारण ती पाणी शोषत नाही. तिला टाइल ॲडेसिव्हच हवं, दातेरी थापीनं ओढलेलं. ‘मध्ये गोळा, चार कोपऱ्यांत चार गोळे’ असं कुणी करत असेल तर थांबवा, मागे पोकळी राहते. दुसऱ्या दिवशी नाण्यानं ठोकून ऐका, पोकळ आवाज आला की ती टाइल काढायला लावा. सिरॅमिक घेतलीत आणि सिमेंटवर लावलीत, तर मात्र आधी ती पाण्यात भिजत घालावी लागते.

विजेचे पॉइंट आज ठरवा. मिक्सर कुठे, ओव्हन कुठे, पाण्याचं मशीन कुठे. सिंक आणि शेगडीपासून ते लांब हवेत. टाइल लागल्यावर हलवायचे म्हणजे सगळं पुन्हा फोडणं. बोर्ड सांध्यावर येऊ देऊ नका, टाइलच्या मधोमध येऊ द्या.

सांधे २ मिलिमीटरचे, स्पेसर, म्हणजे सारखं अंतर राखणारे छोटे तुकडे, लावून. त्यात एपॉक्सी. ते सांधे भरायच्या साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा कित्येक पट महाग असतं, म्हणून कारागीर किंवा ठेकेदार ‘काही गरज नाही’ म्हणेल. तुमच्या भिंतीला सांधेच इतके थोडे की लहानात लहान पॅक पुरून उरेल. बाकी कुठेही काटकसर करा, इथे नको. रंग शुभ्र नको, उजेडानं तो पुढे पिवळसर होऊ शकतो. टाइलपेक्षा एक छटा गडद घ्या. एपॉक्सी ओलं आहे तोवरच टाइलवरून पुसून काढावं लागतं, वाळलं की टाइलवर धुरकट पापुद्रा राहतो आणि तो निघता निघत नाही. त्या दोन तासांत घरीच थांबा.

ओटा आणि टाइल जिथे भेटतात तो कोपरा सिमेंटनं किंवा ग्राउटनं भरू देऊ नका. ओटा किंचित हलतो, भिंत हलत नाही, आणि तिथे भेग पडते. मग पाणी खाली ट्रॉलीत उतरतं, मुंग्या आणि झुरळं तिथून वर येतात. तिथे बुरशी न धरणारं सिलिकॉन भरायला सांगा, एका सरळ रेघेत, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून. एक दिवस त्याला पाणी लागू देऊ नका.

आता राहिली माळ्यावरची टोपली. डिझायनर कदाचित सुचवेल की ती नव्या भिंतीत मध्येच बसवू. नको. नव्या टाइल्सची जाडी वेगळी, माप वेगळं, चार बाजूंना पुन्हा सांधे येतील आणि ती बिचारी परकी दिसेल. तिच्या मागचं जुनं सिमेंट असेल तर खरवडून काढा, कडा पॉलिश पेपरनं घासून घ्या, आणि मागे चार कोपऱ्यांना रबराच्या गोल टिकल्या चिकटवा. ओट्यावर शेगडीच्या उजव्या हाताला ठेवा. कुकर उतरवला की तिच्यावर, दुधाचं पातेलं उतरवलं की तिच्यावर. गरम भांडं ती सहज सोसेल, आणि टोपली तुमच्या नजरेसमोर राहील.

तुमची,
ताई